आमच्या पिकअपने कात टाकली

रिव्हरटन, मॅनिटोबा
डिसेंबरची सुरुवात, सोमवार

तीर्थरूप केटिलदादा यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे स्काफ्तीचा, टोपी काढून नमस्कार. (टोपी घरात बसून काढली आहे. बाहेर उणे अडतीस आहे, तिथे आदर मनातल्या मनात.) तुमची कंबर कशी आहे? थोरावहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? धुरी दिलेले मासे यंदा नीट उतरले ना? इकडे आम्ही खुशाल. मी तर इतका खुशाल आहे की शुक्रवारपासून एका जागी बसवत नाही. तुमची बहीण वाल्दीना सारखी म्हणते, "अहो, त्या खुर्चीला काटे फुटलेत का?" म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, कागदावर तो प्रश्न नाही.

तर बातमी अशी की आमच्या पिकअपने कात टाकली आहे. टेलिफोन खात्याच्या लिलावात आपण दोघांनी एकाच दिवशी दोन पांढऱ्या पिकअप घेतल्या, त्यातली तुमची शेडमध्ये वाढली आणि माझी इतके हिवाळे तलावाच्या बर्फावर जाळी वाहत राहिली. त्यामुळे तुमची नवरी दिसते आणि माझी तिची सासू, हे तुमचंच वाक्य, ऑक्टोबरातलं. त्यावर कडी म्हणून आणखी बोललात, "दाजी, हिला आता मेकॅनिक नको, पाद्री बोलवा." वहिनी हसल्या, वाल्दीनाही हसली. मी हसलो नाही, कारण त्याच संध्याकाळी वाल्दीनाने मला निर्वाणीचं सांगितलं. म्हणाली, "डिसेंबरात अर्बोर्गच्या चर्चमध्ये आमची गाणी आहेत. तिथवर माझे पाय गरम राहिले तर ही गाडी राहील. नाहीतर पोरीची ती छोटी निळी गाडी घेऊ आणि हे धूड भंगारात देऊ." आता ती निळी गाडी दुकानापर्यंत ठीक आहे, पण तलावावर ती काठालाच रुतून बसेल. म्हणजे पिकअप गेली की माझं बर्फावर जाणं गेलं. बर्फाला भोक पाडायचं, जाळं सोडायचं, दुपारी गाडीत बसून थर्मासमधली कॉफी प्यायची, हे गेलं. उरला खिडकीतून दिसणारा हिवाळा. मला खरोखर भीती वाटत होती, दादा. तुम्हाला म्हणून सांगतो.

मग मी कंबर कसली. (माझी कंबर अजून कसता येते.) इंजिनातलं तेल काढून हिवाळ्याचं पातळ तेल घातलं. कूलंट बदललं. थर्मोस्टॅट नवा टाकला. हीटरच्या नळ्यांतून पाणी सोडलं तर त्यातून जो चिखल निघाला त्यात बटाटे लावता आले असते. बॅटरीला रजई शिवली, म्हणजे वाल्दीनाचा जुना कोट कापला. (हे तिला अजून माहीत नाही.) इंजिनाला रात्रभर ऊब देणाऱ्या हीटरची वायर बदलली. मागचा भाग घसरू नये म्हणून मागे वाळूची पोती टाकली, रेडिएटरला वारा लागू नये म्हणून समोर सफरचंदांच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. एवढं करूनही हीटरमधून जो वारा यायचा तो बाहेरच्यापेक्षा गार होता. मी पुन्हा नळ्या धुतल्या, पुन्हा तेच. गुरुवारी मी गाडीत बसून तिच्याशी दोन शब्द बोललो. ते इथे लिहीत नाही.

आणि शुक्रवारी चमत्कार झाला. तुम्हीही होतात तेव्हा सहकारी भांडारात, आपण कॉफी घेतली, आठवत असेल. मी वाल्दीनाच्या केकसाठी सुके आलुबुखार आणि वेलदोडे घ्यायला आलो होतो. अशा थंडीत गाडी बंद करून दुकानात शिरण्याइतकं खुळं आपल्याकडे कोणी नाही, त्यामुळे बाहेर सगळ्या गाड्या रांगेने चालू, चाव्या आत, दारांना कुलूप नाही. धुराच्या वाफेत आणि अंगभर जमलेल्या बर्फात एक गाडी दुसरीपासून ओळखू येईल तर शपथ. तुम्ही कोणाशी तरी गव्हाबद्दल वाद घालत होतात, म्हणून मी निरोप न घेता निघालो, गाडीत चढलो आणि दादा, आत उन्हाळा होता.

हीटर इतका तापलेला की मला मफलर काढावा लागला. म्हणजे नळ्यांत अडकलेला शेवटचा गाळ मी आलुबुखार निवडत असताना आपोआप सुटला असणार. यंत्राला वेळ द्यावा लागतो, हे मी वाल्दीनाला किती वर्षं सांगतोय. खांदा लावल्याशिवाय न मिटणारं दार एका बोटाने मिटलं, कारण बिजागरीला मी ग्रीस लावलं होतं. मुका रेडिओ बोलायला लागला, कारण गरम हवेने त्याच्या तारा सुकल्या. घरी येऊन पाहतो तर मागच्या कोपऱ्यातला पोचा गायब. थंडीत पत्रा आकसतो आणि ताणून सरळ होतो, ही शास्त्रातली गोष्ट आहे. (पुठ्ठ्यावरची सफरचंदं जाऊन केळी आली, त्याचं शास्त्र अजून मला लागलेलं नाही.)

रविवारी वाल्दीनाला घेऊन अर्बोर्गला गेलो. अर्ध्या वाटेत तिने बूट काढले. दादा, तिने बूट काढले आणि मोज्यांतले पाय हीटरसमोर धरून गाण्याचा सराव केला. परतताना म्हणाली, "बरी आहे हो गाडी." इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या कुठल्याही वस्तूला बरी म्हटल्याचं मला आठवत नाही. गाडी राहिली. मी बर्फावर जाणार.

वहिनींचा फोन आला होता, शुक्रवारपासून तुमची गाडी कुरकुरतेय, हीटर गार पडलाय आणि तुम्ही कोणाशी बोलत नाही, असं कळलं. वाईट वाटलं. पण लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो, गाडीची निगा राखावी लागते. शेडमध्ये झाकून ठेवलं म्हणजे झालं असं नसतं. सवड मिळेल तेव्हा माझ्याकडे घेऊन या, बघून देईन.

आपला,
स्काफ्ती

ता. क. पत्र संपवून आताच गाडीत दोर शोधायला गेलो होतो. समोरच्या कप्प्यात एक कवळी सापडली. माझे दात माझेच आहेत. वाल्दीनाचेही.

ता. क. २. कवळीच्या डबीवर तुमचं नाव आहे. मी बराच वेळ गाडीत बसून होतो. (आत छान ऊब होती.)

ता. क. ३. दादा, निगा वगैरे जे लिहिलं ते कृपया खोडलेलं समजा. पण एक विनंती आहे, आणि ती पाय धरून आहे. नाताळपर्यंत माझी गाडी तुमच्याकडेच असू द्या आणि वाल्दीनाला यातलं अक्षर कळू देऊ नका. ती गाडीला बरी म्हणाली आहे. कवळी टपालाने पाठवतो.

दादा, मी वाल्दीना. ह्यांना तिकीट सरळ चिकटवता येत नाही, म्हणून पाकीट माझ्याकडे आलं, आणि आलं म्हणून वाचलं. तुझी गाडी मी शुक्रवारी अंगणात वळतानाच ओळखली होती. वहिनीने तुला दम देऊन गप्प बसवलंय, तेही मला ठाऊक आहे. आणखी थोडे दिवस गप्प राहा, आणि तेवढ्यात ह्यांच्या गाडीचा हीटर तुझ्या त्या मेकॅनिककडून नीट करून घे. मग एखाद्या शुक्रवारी ती भांडारापाशी चालू ठेव आणि आपली घेऊन जा. हे आपोआप तिच्यात चढतील आणि घरी येऊन मला शास्त्र सांगतील, ते मी ऐकून घेईन. कोट कापलेला मला माहीत आहे. गाडी मी कधीच विकणार नव्हते. ती गेली तर हे हिवाळाभर दिवसचे दिवस माझ्यासमोर घरात बसतील, आणि उणे अडतीस मला चालेल, ते नाही.