आयुधपूजेत आईच्या नळीला गंध

तंजावूर,
आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी, १९९६

तीर्थरूप अप्पाजीमामांच्या चरणी वसुमतीचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिला ऊन दाखवता? इकडे तुमची बहीण, म्हणजे आमची आई, आठ दिवसांनी श्वासाच्या यंत्रावरून उतरली आणि उतरल्या उतरल्या कॉफी पातळ म्हणून कुरकुरली. तेव्हा काळजी नसावी. (पत्र मराठीत लिहितेय, कारण या इस्पितळात देवनागरी वाचणारं कुणी नाही. ते किती बरं आहे, हे पुढे कळेल.)

काल आयुधपूजेला आपल्याकडे शिवणयंत्रापासून टाउन बसपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागलं, मग आमचा अतिदक्षता विभाग कसा मागे राहील? मी इथली मुख्य नर्स, पण हातमोज्यांसाठी स्टोअरमध्ये भांडायला गेले होते. परत येते तो मॉनिटरवर विभूतीचे तीन पट्टे, सलाईनच्या स्टँडला शेवंतीची माळ आणि आईच्या मानेतल्या नळीच्या टोपणाला गंध, वर कुंकवाचा ठिपका. त्या नळीतून औषध थेट रक्तात जातं, मामा. तीस वर्षं इथे काम करणारे वॉर्डबॉय शेषगिरी हात जोडून म्हणाले, "अक्का, ते बरं चालावं म्हणूनच की लावलों." मी रागावले, मग औषधांच्या कपाटामागे जाऊन रडले. याच खाटेवर श्रावणात सेतुमाधवराव होते. न्यूमोनियातून वाचले आणि नळीतून शिरलेल्या जंतूंनी गेले. आईचं तसं मी होऊ देणार नाही.

टोपण बदललं, सगळं स्पिरिटने पुसलं, माळ बाहेरच्या पिल्लैयार गणपतीला घातली. पण शेषगिरींना किती बोलू? ते निदान आंघोळ करून आले होते. आमचे डॉक्टर रघुराम स्कूटर लावतात आणि त्याच हातांनी चारही खाटा तपासतात. (हात धुवा म्हटलं तर मी त्यांची डिग्री खोटी म्हटल्यासारखं बघतात.) आईला आता गोळ्या गिळता येतात, ती नळी नकोच आहे. त्यांच्या हुकुमाशिवाय मला ती काढता येत नाही आणि ते तीन दिवसांपासून म्हणताहेत, राहू दे, उद्या बघू.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची,
वसुमती

ता.क. खरं काम राहिलंच. रघुराम पाचवीत तुमच्या शाळेत होते. तुम्ही दाराशी उभे राहून प्रत्येकाचे हात उलटसुलट बघायचात आणि मळके असले की विहिरीवर परत पाठवायचात. तुमचं नाव निघालं की ते अजून खुर्चीतून उठतात. पत्र मिळताच पापनाशमहून सकाळची बस धरा. दहाला ते येतात. दाराशी खुर्ची ठेवते. हात पुढे करायला सांगा आणि नळी अजून का ठेवलीय, तेवढं विचारा. आत येण्याआधी तुम्हीही हात धुवायचे, भाऊ म्हणून सूट नाही.

आणखी एक. सगळीकडचं गंध पुसलं, एक ठिपका ठेवलाय. तो हात धुवायच्या नळावर आहे आणि मीच लावलाय. शेषगिरींनी अख्ख्या विभागात तेवढा एक नळच सोडला होता.