टीव्हीतले आबा आणि आईंचा पदर

रत्नागिरी, मंगळवार, १४ जून १९८८

टीव्हीवरची ती जुनी कौटुंबिक विनोदी मालिका आज पुन्हा सुरू झाली. घर तेच, झोपाळा तोच, पण आबांच्या कामाला नट दुसराच! शेजारच्या काकू फणकारल्या, "हा कोण आणून बसवलानी?" मुलं मात्र पोट धरून हसली. मी हसले का? आठवत नाही. माझं लक्ष सासूबाईंच्या पदराकडे.

पूर्वी ते जुने आबा दिसले की आई डोक्यावर पदर घ्यायच्या. टीव्हीतल्या माणसाची कसली लाज, म्हणून आम्ही केवढी चेष्टा करायचो! आज पदर खांद्यावरच. चहाचे कप उचलताना विचारलं, तर म्हणाल्या, "ह्याचं काय माहीत? तो आधीचा बायकोवर कधी ओरडला नाय. म्हणून घेत होते."

म्हणजे ती लाज नव्हतीच? मान होता?

मामंजी होते तोवर मला कधी मोठ्याने बोलले नाहीत. आणि आईंना? मी या घरात येण्याआधी? काही कळत नाही. टीव्हीच्या वरच मामंजींचा फोटो आहे. आई त्याला रोज न चुकता फूल वाहतात. तेव्हाही पदर खांद्यावरच असतो.