दोन बेल

मुकुल,

सातच्या गाडीनं पालमला जायलेय. सुतक फिटलं, आज शाळेत हजर व्हावंच लागतंय. कुकरमध्ये वरण-भात आहे, गरम करून खा.

दोन बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही आप्पांची कंडक्टरकी तुझ्या बसच्या गेममध्येही चालायची, मला माहीत आहे. पण ते गेल्यापासून मोठ्या मॉनिटरवर बस स्टँडातच उभी आहे अन् तू नुसता बघत बसायलास.

आप्पा ज्याच्यावरून गेममधली बेल द्यायचे, त्या शेजारच्या छोट्या टचस्क्रीनला मी हात लावणार नव्हते. बेलच्या बटनावर त्यांच्या चुन्याच्या बोटाचा ठसा होता. आत्ता निघताना मीच ते दोनदा दाबलं. ठसा पुसला गेला, राग धरू नको.

बेल झाली आहे. गाडी काढ.

– ताई