घड्याळ दिसेल एवढीच उंची

प्रिय पट्टी,

हे नाव तुझ्या कार्यालयात कोणाला कळू नये अशी तुझी ताकीद आहे. पत्र बंद पाकिटातून येत आहे, तेव्हा ताकीद मोडली असं म्हणता येणार नाही. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्येच ‘बरं, बरं’ म्हणू लागतेस आणि मी मध्येच गप्प होते. सुनावणीनंतर आपल्या दोघींना सलग बोलणं जमलेलं नाही. मला जे सांगायचं आहे ते मात्र क्रमानेच सांगायला हवं. क्रम चुकला तर तू ते आरोप म्हणून वाचशील, आणि हा आरोप नाही, एवढं पहिल्याच परिच्छेदात नोंदवते.

विषय आहे तुझ्या बाबांची संध्याकाळची फेरी. ‘थोडं विसरतात’ असं मी तुला सांगत आले. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. तुझ्याशी फोनवर ते झकास बोलतात, कारण तू विचारतेस ‘कसे आहात?’ आणि ते म्हणतात ‘जसा ठेवला होतास तसाच!’ या एका वाक्यावर त्यांनी तुझ्याशी कितीतरी महिने निभावून नेलं. रस्त्यांची नावं गेली होती, शेजाऱ्यांची गेली होती. पण संध्याकाळी काठी घेऊन बाहेर पडायचं आणि दिवेलागणीला एकट्याने परत यायचं, हे शाबूत होतं. डॉक्टरीणबाई मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, ‘काकू, जोवर स्वतःच्या पायांनी घरी येताहेत तोवर अडवू नका. घर सापडायचं थांबलं की मग बाकीचं धरून ठेवायला फारसं काही उरत नाही.’ तेव्हापासून माझ्या दृष्टीने या घरात एकच प्रश्न निर्णयासाठी होता: आज ते परत येतात की नाही.

ते कसे येतात, हे मी काही दिवस त्यांच्या मागे, अंतर ठेवून चालत पाहिलं. चौकात आले की थांबायचे. मान वर करायचे. मनोऱ्यावरचं घड्याळ दिसलं की खांदे सैल व्हायचे, आणि नाकासमोर त्या दिशेला चालू लागायचे. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मनोऱ्यामागच्या बोळात शिरलं की पहिलं दार आपलं. नाव नको, खूण नको, कोणाला विचारण्याची नामुष्की नको. मी चष्मेवाल्याच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहून हे पाहायची, तेव्हा तो गृहस्थ मला म्हणाला, ‘वहिनी, या वयात साहेबांवर पाळत? काही लफडं आहे का?’ मी म्हटलं, ‘आहे. घड्याळाशी.’

तुला आठवत असेल, ते घड्याळ त्या चौकांतून दिसतं हा योगायोग नव्हता. नगररचना खात्यात असताना त्यांनी उंचीची मर्यादा आखली ती कार्यालयात बसून नाही. रविवारी सकाळी ते तुला बरोबर घ्यायचे. तू शाळेची पट्टी हात लांब करून डोळ्यांसमोर धरायचीस आणि ओरडायचीस, ‘बाबा, घड्याळ पट्टीच्या वर आहे!’ मग ते कागदावर रेघ मारायचे. गावाच्या मध्यभागातल्या प्रत्येक चौकात ही कवायत झाली. अमुक मजले असा सरसकट नियम त्यांनी लिहिलाच नाही. कुठल्याही चौकातून घड्याळाची तबकडी झाकली जाऊ नये, एवढंच लिहिलं, आणि त्यावरून प्रत्येक भूखंडाची उंची ठरली. लोक त्याला ‘नजरेचा नियम’ म्हणू लागले. बांधकामवाले त्यांना पाण्यात पाहायचे. एक जण भर सभेत म्हणाला होता, ‘साहेब, लोकांच्या मनगटावर घड्याळं आली आता, जागे व्हा.’ तुझे बाबा हसून म्हणाले, ‘मनगटावरचं घड्याळ वेळ सांगतं हो. आपण कुठे आहोत ते सांगत नाही.’ मनोऱ्यावरचं घड्याळ कायम काही मिनिटं मागेच चालायचं, त्यामुळे हे वाक्य त्यांना बोलावंच लागलं, असं तू पुढे म्हणायचीस. बरोबरच होतं.

आता सुनावणीबद्दल. मर्यादा उठवावी असा प्रस्ताव आला, जुन्या बाजाराच्या जागेवरच्या तुझ्या संस्थेच्या इमारतीसाठी आला, आणि हरकत घेणाऱ्यांच्या वतीने मी उभी राहिले. संस्थेच्या वतीने उत्तर द्यायला तू येशील हे मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. तरी मी माघार घेतली नाही. तूही घेतली नाहीस, याचा मला अभिमान वाटला. तुझं म्हणणं मला अजून पाठ आहे. गाव आडवं पसरत चाललं आहे, शेतं गिळत चाललं आहे. मध्यभागातली दुकानं बंद झाली की तिथे चिटपाखरू उरत नाही. तरुणांना कामाच्या जागेजवळ राहायचं तर वर जाण्यावाचून मार्ग नाही. पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर होतं. दुसरा मुद्दा मला त्या दिवशी खोडता आला नाही, आजही येत नाही. अध्यक्ष शेवटी म्हणाले, ‘आईची हरकत, लेकीचं उत्तर! घरीच उरकलं असतंत तर आमचा चहा वाचला असता.’ सगळं सभागृह हसलं. आपण दोघी हसलो नाही, तेवढ्यापुरतं आपलं एकमत होतं.

त्या सभागृहात मी एक गोष्ट बोलले नाही. ज्या माणसाने हा नियम लिहिला, तोच आता त्या नियमाच्या आधाराने घरी परततो, हे मी सांगितलं नाही. माझ्या बाजूच्या मंडळींपैकी एकाला ते ठाऊक होतं. तो माझ्या कानाशी कुजबुजला, ‘बाई, हे सांगा. सभा रडेल.’ मी म्हटलं, म्हणूनच सांगणार नाही. साऱ्या गावाचा नियम एका माणसाच्या आजारावर उभा करता येत नाही. शिवाय ते मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या देखत त्यांना पुरावा म्हणून सादर करणं मला शक्य नव्हतं. पुन्हा तीच सुनावणी झाली तरी मी पुन्हा गप्पच राहीन. तुला न सांगण्याचं कारणही तेच. तुला कळलं असतं तर तू उत्तर द्यायला उभीच राहिली नसतीस, आणि तुझं म्हणणं ऐकून घेण्याचा गावाचा हक्क मी हिरावून घेतला असता.

पण मागच्या रांगेतली एक गोष्ट तुला आज सांगायला हवी. तू बोलून खाली बसलीस तेव्हा सभागृहात एकट्याच कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तू वळून पाहिलंस. ते तुझे बाबा होते. तुला वाटलं असेल, आपल्या नियमाविरुद्ध बोलणाऱ्या लेकीला बापाने दिलखुलास दाद दिली. तसं वाटणं साहजिक होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. परतताना ते मला म्हणाले, ‘काय मुद्देसूद बोलली गं ती मुलगी! आपली पट्टी मोठी झाली की अशीच बोलेल. ही कोणाची मुलगी?’ मी म्हटलं, ‘चांगल्या घरची आहे.’

मर्यादा उठली. इमारत वर जाऊ लागली. काम उत्तम चाललं होतं, तेही नोंदवते. धूळ उडू नये म्हणून तुम्ही लावलेले पडदे अख्ख्या बाजाराने वाखाणले. त्यांच्या फेरीतले सगळे चौक बाजाराच्या पलीकडचे, त्यामुळे एकेक मजला चढला, तसं घड्याळ एकेका चौकातून दिसेनासं होऊ लागलं. आधी पुस्तकं बांधणाऱ्याच्या चौकातून गेलं. ते तिथे मान वर करून उभे राहिले, दोन पावलं डावीकडे सरकले, दोन उजवीकडे, आणि समोरच्या ताटातला घास कोणीतरी उचलून नेल्यासारखे गोंधळून हसले. मग त्यांनी तो चौक सोडून दिला. मग पुढचा सुटला. फेरी आखडत गेली. शेवटी चष्मेवाल्याचा चौक तेवढा उरला होता. तोही गेला, आणि इमारत पुरी झाली. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाले, ‘मी काय कुक्कुलं बाळ आहे?’ मी त्यांच्या खिशाच्या आतल्या बाजूला आपला फोन नंबर शिवला, आणि त्यांना कळू न देता मागून चालत राहिले.

एका संध्याकाळी गर्दीत ते माझ्या नजरेआड झाले. दिवे लागले तरी आले नाहीत. मी घर आणि चौक यांच्यामध्ये किती वेळा गेले ते विचारू नकोस. मग फोन वाजला. तुझ्या इमारतीचा पहारेकरी होता. ‘आजी, आजोबा आमच्याकडे बसलेत. घाबरू नका, मजेत आहेत. म्हणताहेत, घरी आलोय, पण बायको कुठे गेली कळत नाही. मला दरडावताहेत, तिला हाक मार म्हणून!’

मी गेले. तळमजल्यावरच्या त्या लांब बाकावर ते टेकून, पाय पसरून बसले होते. जोडे काढून बाकाखाली नीट ठेवले होते. मला पाहून म्हणाले, ‘अगं, होतीस कुठे? मी केव्हाचा आलोय.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ते कसे पोचतात हे मी पुन्हा मागे राहून पाहिलं. चौकात थांबतात. मान वर करतात. तुझी इमारत दिसते, कारण ती आता प्रत्येक चौकातून दिसते. खांदे सैल होतात, आणि ते त्या दिशेला चालू लागतात.

हे वाचून तू काय करशील ते मी ओळखून आहे, म्हणून इथेच थांबवते. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं सिद्ध होत नाही. डॉक्टरीणबाईंचं मत असं, की घड्याळ दिसत राहिलं असतं तरी थोड्याच काळात त्याचा अर्थही पुसला गेला असता. मला हे मत मान्य आहे. तूही ते मान्य कर. ही विनंती नाही, आईची आज्ञा आहे. आयुष्यात मी तुला फार आज्ञा दिलेल्या नाहीत.

सहन होत नाही ते वेगळंच. मी त्यांना तिथून उठवून आपल्या घरी आणते. ते येतात, कारण ते सभ्य गृहस्थ आहेत. पण इथे ते खुर्चीच्या काठावर बसतात, पाठ न टेकता. जोडे काढत नाहीत. पाणी दिलं तर ‘कशाला त्रास घेतलात?’ म्हणतात. पट्टी, ते मला अहोजाहो करतात. भिंतीवरच्या तुझ्या फोटोची तारीफ करतात, ‘गोड आहे हो तुमची मुलगी.’ आणि थोड्या वेळाने हळूच, यजमानीणबाईला वाईट वाटू नये अशा बेताने विचारतात, ‘बराच उशीर झाला, आता निघू का? घरी बायको वाट पाहत असेल.’ रोज संध्याकाळी मी त्यांना सांगते, ‘आज इथेच मुक्काम करा, तिला निरोप धाडला आहे.’ तेव्हा कुठे ते झोपायला तयार होतात, आणि तेही परक्या घरी झोपावं तसे, पांघरूण न विस्कटता.

तिथे, त्या बाकावर, ते मला ‘अगं’ म्हणतात. म्हणून हे पत्र. त्या इमारतीत आम्हाला एक घर हवं आहे. तळमजल्याच्या जवळ असेल तर बरं. नसेल तर कोणताही मजला चालेल, उंचीबद्दल माझी काही हरकत नाही. हे राहतं घर विकायला मी तयार आहे, कागदपत्रं करून ठेवली आहेत. वाटप तुझ्या हातात नसतं हे मला माहीत आहे, पण तू शब्द टाकलास तर निकड त्यांना कळेल, आणि मला इतर कोणाकडे हे मागता येणार नाही. मी भर सभेत काय काय बोलले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. तूही ये. ते तुला ओळखतील असं आश्वासन मी देत नाही, तसा काही आधार माझ्याकडे नाही. पण उशीर करू नकोस. तो माणूस रोज संध्याकाळी, कोणाला न विचारता, स्वतःच्या पायांनी घरी पोचतो आहे, पट्टी. फक्त त्या घरात मी नसते.

तुझीच आणि अजून काही काळ त्यांचीही,
आई