एकेचाळीसाव्या पानावरचा ‘न’

४ जून

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पुस्तकाची मुद्रितं काल माझ्याच टेबलावर येऊन पडली. छापखान्यात मुद्रितशोधक तिघं आहेत, पण मालक म्हणाले, बहिणीचं पुस्तक बहिणीनेच तपासावं. मुख्याध्यापिका म्हणून तू रोज सकाळी मुलींना करतेस ते उपदेश, म्हणजे सद्गुण, समाधान, मैत्री, सगळे एका दमात वाचले. लहानपणी माझी रिबन पळवून वर ‘मी नाही’ म्हणणारी तू आता प्रामाणिकपणावर अकरा पानं लिहितेस! कौतुक आहे बाई.

एकच विचारायचं होतं. एकेचाळीसाव्या पानावर ‘माझी एक मैत्रीण शिवणकाम करते’ असं आहे. ही माझ्या समोरच्या खोलीतलीच ना? गेल्या वर्षी पंधरा दिवस राहिलीस, तेवढ्यात ती तुझी झाली? एकोणीस वर्षं ती रोज संध्याकाळी दोन कप चहा घेऊन माझ्याकडे येते. हल्ली चहाबरोबर तुझं पत्रही आणते आणि मला मोठ्याने वाचून दाखवते. मला तुझं महिन्याला एक कार्ड, तिला आठवड्याला चार पानं. पोटात दुखतंय म्हण हवं तर.

मुद्रितं डोळ्यांत तेल घालून तपासते आहे. माझ्यावरचा लोभ वाढव, वाटू नकोस.

तुझी ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पुस्तक बरं खपतंय, पण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: ‘माणसाने दुसऱ्याच्या सुखात नसावं.’ आमच्या कारकुनाने ते टेबलाच्या काचेखाली लावलंय. एक पालकबाई सांगत होत्या, हे वाचून त्यांनी सुनेच्या घरी ऊठसूट जाणं बंद केलं आणि आता दोन्ही घरं मजेत आहेत. मी आपली मान डोलावली. ताई, मी ‘असावं’ लिहिलं होतं गं!

त्या पानावर मी लिहिलंय की ही बाई लोकांच्या आनंदाचे कपडे शिवते आणि गिऱ्हाईक आरशासमोर हसलं की तीही हसते. त्याच्याच खाली हे छापलंय. आता वाचताना वाटतं, मी तिला हाकलून देतेय. महिन्यापूर्वी तिला प्रत पाठवली, तेव्हापासून तिचं एकही पत्र नाही. मी तीन लिहिली. तिचं काय बिनसलंय, बघशील का?

सव्वीस वर्षांत तुझ्या नजरेतून साधी वेलांटी सुटलेली नाही. म्हणून विचारते, हे कसं सुटलं?

लोभ नसावा. (घाबरू नकोस, छपाईची चूक समज.)

तुझी धाकटी

२९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देते.

चूक अक्षरं जुळवणाऱ्याची होती, पण मी ती पाहिली होती. त्या ‘न’वर पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग वरचं ‘माझी एक मैत्रीण’ पुन्हा दिसलं आणि मी पान उलटलं. वाटलं, लोक तुला हसतील. त्यांनी तुला डोक्यावर घेतलं, तो जळफळाट आणखी वेगळा.

पण ते वाक्य तिला लागलं. प्रत वाचली त्या दिवसापासून ती चहा घेऊन आलेली नाही. दार ठोठावलं तर म्हणाली, दोघी बहिणींच्या सुखात तिने कशाला यावं, तसं छापूनच आलंय की. ती तुझ्यापासून तुटावी असं मला वाटत होतं, तशी तुटली, आणि माझ्यापासूनही. महिनाभर एकटीने चहा प्यायले. काल राहवेना, गेले आणि सगळं सांगून टाकलं.

ती कुणाच्या तरी झग्याची बाही उसवत बसली होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता कात्री फेकून मारते. तिने एवढंच विचारलं की हे सगळं तिच्यावरून झालं का. मी हो म्हटलं, तशी हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, तिच्यावरून कुणाच्या पोटात दुखावं असं उभ्या जन्मात घडलं नव्हतं. मग गंभीर होऊन तिने मला शिक्षा केली. आठ दिवस चहा मी करायचा आणि तिच्या खोलीत नेऊन द्यायचा.

मालकांनाही सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं ते दुसऱ्याकडे देणार आहेत.

रागाव, पण लिहीत राहा.

तुझी ताई

८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन दिवस फार रागावले होते. तुझ्या कामावर माझा डोळे मिटून विश्वास, आणि तू असं करावंस?

तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. मैत्रीवर लिहायला बसले, तेव्हा उदाहरणाला एकही मैत्रीण आठवेना. शाळेत मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की सगळ्या गप्प होतात आणि उठून उभ्या राहतात. तुमच्या दोघींचा तो रोजचा चहा पाहून पंधरा दिवस मी आतून जळत होते. म्हणून तुझी मैत्रीण उचलली आणि माझी म्हणून छापली. तिला चार चार पानं लिहिली, तीही त्यासाठीच.

मालकांना कळवलंय, मुद्रितं ताईच तपासेल, नाहीतर आवृत्ती काढू नका. एकेचाळीसाव्या पानावर ‘माझी’ खोडून ‘माझ्या ताईची’ कर.

आहे तशी धाकटी म्हणून सांभाळून घे.

तुझी धाकटी

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुद्रितं झाली. ‘असावं’ केलं, दोनदा ताडून पाहिलं. ‘माझी’ खोडून ‘माझ्या ताईची’ लिहिलं. इतकं छान दिसलं की दुपारपर्यंत कागद टेबलावरून हलवलाच नाही.

मग तेही खोडलं आणि ‘आमची’ लिहिलं. पोटात अजून दुखतंय. तरी कागद जुळणीला देऊन आले.

तुझी ताई