बिनआवाजी पंक्चर

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्या निघतो. चार दिवस, दोनशे साठ किलोमीटर, शेवटच्या दिवशी घाट आणि वर घाटमाथ्यावर गेस्ट हाउस. चार माणसं: मी (कप्तान), दातांचा डॉक्टर, शिंपीमास्तर आणि बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून नकाशा त्याला दिला. कामं वाटून देणं हेच कप्तानाचं काम.

संकल्प: एक, रोज सगळ्यांच्या पुढे. दोन, घाट सीटवर बसून चढायचा, उतरून ढकलायचं नाही. तीन, कोणावर संशय घ्यायचा नाही.

तिसरा बायकोच्या आग्रहाखातर. ती म्हणते, कोणी हसलं नाही तर तुम्हाला वाटतं रुसलेत, हसलं तर वाटतं तुम्हालाच हसतायत, मग माणसाने तोंडाचं करायचं तरी काय?

मी उगाच संशय घेत नाही. हातात पाना घेऊन दारोदार फिरणारा फिटर होतो. आज नळ-पाइपांचं स्वतःचं दुकान आहे, ते या दोन कानांच्या जिवावर. भिंतीला कान लावून आत पाणी कुठे झिरपतंय ते सांगतो. जिथे भिंतीला माझ्यापासून काही लपवता येत नाही, तिथे माणसांची काय कथा.

बायकोने सामान पाहिलं. सायकलीला अठरा इंची पाना कशाला, म्हणाली. म्हटलं, कप्तानाजवळ असावा.

३ नोव्हेंबर, सकाळी १०.१५, कालव्याजवळचं चहाचं दुकान

पहिले चार किलोमीटर मी पुढे. मग त्यांना जाऊ दिलं. मागून सगळ्यांवर लक्ष राहतं. मेंढपाळ कधी मेंढरांच्या पुढे चालतो का?

इथे पोचलो तर तिघं बसलेले. मला पाहताच बोलणं बंद. डॉक्टर म्हणाला, या कप्तान, आम्ही पण आत्ताच टेकलो. आत्ताच टेकलेल्यांच्या कपावर साय धरत नाही.

नोंद केली.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७, पहिला मुक्काम

मी हात वर करीन तिथे मुक्काम, असं ठरलं होतं. मी हात वर केला. (मेहुणा मघापासून त्याच पाटीकडे बोट दाखवत होता, हा योगायोग.) आत खोल्या झाडून तयार. रजिस्टरात डॉक्टरचं नाव. मालक म्हणाला, साहेबांचा आठ दिवसांपूर्वीच फोन होता. मी हात इथे वर करणार हे डॉक्टरला आठ दिवस आधी कसं कळलं?

बायकोचा फोन आला. मला नाही, तिच्या भावाला. तो गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. दार प्लायवूडचं होतं. ऐकलं ते असं: नाही गं ताई, त्यांना काही कळलेलं नाही. कळू देणारच नाही आम्ही.

काय कळू देणार नाहीत?

तिसरा संकल्प तात्पुरता स्थगित.

४ नोव्हेंबर, दुपारी १

सकाळी एक चढ लागला. मी बेताने चालवत होतो. पाय दुखत नव्हते, त्यांना फक्त थांबावंसं वाटत होतं. वर मास्तर उभा. पंक्चर.

आमच्यात जुना नियम आहे: एकाचं पंक्चर म्हणजे सगळ्यांचा हॉल्ट. का झालं विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. त्यामुळे वीस मिनिटं झाडाखाली आडवं व्हावं लागलं. मला गरज नव्हती.

पुढच्या चढावर मेहुण्याचं पंक्चर. त्याच्या पुढच्यावर डॉक्टरचं. खिळे काय चढ बघून पडतात?

४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

माझ्या टाइमटेबलप्रमाणे चारला पोचायचं होतं. पोचलो साडेसहाला. टाइमटेबल बिघडलं की नाव कोणाचं जातं? कप्तानाचं.

आंघोळीला गेलो असताना नळ बंद करून ऐकलं. मास्तर डॉक्टरला सांगत होता, घाटाच्या दिवशी काय करायचं ते तुम्हीच बोला, शेवटी शब्द तुमचा.

उजेड पडला. यांना कप्तान बदलायचाय! उमेदवार डॉक्टर. मास्तर प्रचारक. आणि मेहुणा, माझ्या ताटात जेवलेला माणूस, फितूर. बायकोला सगळं माहीत आहे. आधी मला नादान ठरवायचं आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर मतदान घ्यायचं, असा बेत दिसतो. गोड बोलायचं आणि डोळे उघडे ठेवायचे असं मी ठरवलं. जेवताना तिघांना आग्रह करून केळी वाढली. ती डॉक्टरनेच आणलेली होती.

५ नोव्हेंबर, दुपारी १२

अंग रुळलं. तिसऱ्या दिवशी बॅग कापसासारखी हलकी. या वयातही स्नायू तयार होतात, हे डॉक्टरला ऐकवलं. तो फक्त मान हलवत राहिला. जळतो.

५ नोव्हेंबर, दुपारी २

मास्तरने पुलावर पिशवी खाली टेकवली आणि ठण्ण झालं. कापडाचा असा आवाज होत नाही. तो तोंड धुवायला उतरल्यावर आत पाहिलं. माझा अठरा इंची पाना! डॉक्टरच्या पिशवीत माझे बाकीचे पाने, मेहुण्याकडे माझा हातोडा. रोज थोडं थोडं काढत गेलेत. ह्याला कप्तानाला निःशस्त्र करणं म्हणतात.

सामान परत घेतलं नाही. पुरावा जिथला तिथे असावा. शिवाय पुढे चढ होता.

५ नोव्हेंबर, रात्री ८

पकडले.

दुपारी पुलापुढच्या चढावर मास्तर ओरडला, पंक्चर! या वेळी मी फक्त पन्नास पावलांवर होतो. आवाज आला नाही. हवा बाहेर पडताना बोलते, सुस्कारते, निदान फुसफुसते. हिने तोंडच उघडलं नाही. माझ्या कानांना हे सांगायला नको.

लॉजवर आल्यावर तिघं चहाला गेले. मी बादली भरली. तिघांच्या ट्यूब एकेक करून पाण्यात दाबल्या. एक बुडबुडा नाही. एकाही ट्यूबवर ठिगळ नाही. दोन दिवसांत सात पंक्चर आणि ठिगळ शून्य!

जेवताना बादली टेबलावर ठेवली आणि बोललो. सगळं बोललो. फोन, पाना, टाइमटेबल, मतदान. तुम्ही मला पाडायला निघालात, म्हटलं, पण मी पायाखालची जमीन स्वतः कमावून उभा राहिलेला माणूस आहे. डॉक्टर लाल झाला. मेहुणा छताकडे बघत बसला. मास्तरने शांतपणे ताट पुसून खाल्लं आणि म्हणाला, बरं कप्तान, उद्यापासून पंक्चर बंद. चालेल?

म्हटलं, चालेल काय, पळेल. आणि ऐकून ठेवा, उद्या घाटात माझा पाय जमिनीला लागला तर कप्तानकी सोडली.

मेहुणा म्हणाला, दाजी, कोणी मागितलीय का? जरा विचार करा.

मागत नाहीत म्हणूनच संशय.

६ नोव्हेंबर, सकाळी ८.५०, घाटाचा पायथा

चौदा किलोमीटर चढ. हवा थंड. मन प्रसन्न. ते तिघं निघाले. मी पाणी पिऊन निघतो. पाणी घाईत पिऊ नये.

९.२५

दुसरं वळण. तिघं दिसत नाहीत. त्यांना वारा पाठून होता, मला समोरून.

९.५०

पाय टेकलेला नाही. सायकल आडवी झाली, मी तिच्याबरोबर गेलो. आधी खांदा लागला. पायाचा प्रश्नच आला नाही.

१०.१०

बसून शांतपणे विचार केला. पंक्चर झालं तर थांबणं हा कमीपणा नाही, तो नियमच आहे. मागच्या चाकाचा वॉल्व्ह मला सैल वाटला. तपासताना हवा गेली. सगळी.

पंक्चर! म्हणून ओरडलो. दरीतून माझाच आवाज परत आला, त्यालाही खात्री नसल्यासारखा. कोणी थांबलं नाही. कोणी येईना. आणि पंप मेहुण्याकडे. तो मीच त्याला वाटून दिला होता.

१०.४०

अजून कोणी नाही. काल एवढे थांबत होते.

६ नोव्हेंबर, दुपारी ३

घडलं ते असं. गाद्या नेणारा टेम्पो आला. मी हात केला नव्हता, कपाळ पुसत होतो. ड्रायव्हर म्हणाला, काका, चढा. त्याचा मान राखला. सायकल बांधली, वर गाद्यांवर बसलो. नवव्या वळणावर तिघं दिसले. रस्त्याच्या कडेला बसून खाली माझ्या वाटेकडे बघत होते. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी दोन गाद्यांच्या मध्ये शिरलो.

तिथे डोळा लागला.

जाग आली तेव्हा गेस्ट हाउस अकरा किलोमीटर मागे राहिलं होतं. ड्रायव्हरने हवा भरायच्या दुकानासमोर उतरवलं. दुकानदाराने चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, साहेब, पंक्चर नाहीये, कोणीतरी हवा काढलीय.

म्हटलं, असतात हो माणसं तशी.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

उलट्या बाजूने गेस्ट हाउसला आलो. तिघं फाटकात उभे, पाठ माझ्याकडे, डोळे घाटाकडे. डॉक्टर दोन वेळा अर्ध्यापर्यंत खाली जाऊन शोधून आला होता. फोन का उचलला नाही, म्हणाला. (गादीत आवाज दबतो.) मी घंटी वाजवली. पुढचा रस्ता बघून आलो, म्हटलं. मास्तर जवळ आला. माझ्या कॉलरवरचा कापूस उचलून दोन बोटांत चोळला आणि म्हणाला, रस्ता मऊ दिसतोय.

मेहुणा दुसरीकडे बघत हसत होता. मग त्याने बायकोला फोन लावला, दार न लावता: ताई, सापडले.

खुर्च्या मांडायला लावल्या. उभा राहिलो. माणसाने हरावं तर ताठ मानेने. म्हटलं, गृहस्थहो, तुमचा डाव मी ओळखला, पण आता अडवत नाही. आज मी घाट पूर्ण... पद्धतशीर चढलो नाही. कप्तानकी मी डॉक्टरच्या हाती सोपवतो.

कोणी टाळी वाजवली नाही. डॉक्टर नखं बघू लागला. मेहुणा म्हणाला, डॉक्टर, सांगून टाका एकदाचं.

डॉक्टर दोन वर्षांपासूनच कप्तान आहे.

मी आधी बसलो. मग ऐकलं. त्या वर्षी मी शॉर्टकटने सगळ्यांना दगडाच्या खाणीत नेलं होतं. त्यानंतर मीटिंग झाली, डॉक्टरच्याच दवाखान्यात, कारण त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढायची होती. मी खुर्चीत, जबडा उघडा, अर्धं तोंड बधिर. मास्तरने रीतसर विचारलं होतं, यापुढे डॉक्टर कप्तान, हरकत आहे का? मी म्हणे आ केलं. ठराव एकमताने पास.

पंक्चरं बायकोने सांगितलेली. दर चढाला थांबवा, पण थांबवलंय असं वाटू देऊ नका. पाने काढायला मात्र तिने सांगितलं नव्हतं. ते मास्तरने आपल्या मनाने केलं, माझी चेन ओझ्याने कुरकुरते ते ऐकून. म्हणजे कान त्यालाही आहेत.

म्हटलं, मग दोन वर्षं मला कप्तान, कप्तान का करत होता?

मास्तर म्हणाला, ते पद नाही हो, ती हाक आहे. तुम्ही असता मैलभर मागे. नावाने ओरडलं तर ओ देत नाही. कप्तान म्हटलं की कुठल्याही वळणावरून देता.

कट होता हा माझा संशय खरा निघाला, एवढं नमूद करतो.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

अंग ठणकतंय. कोणाशी बोलायचं नाही असं ठरवलं आहे. परत जाताना वेगळा, एकटा जाणार.

आत्ता खालून मास्तरची आरोळी आली: कप्तान, चहा गार होतोय!

शेजारच्या पलंगावर डॉक्टर जागाच आहे. तो हलला नाही. माझ्याकडे बघत राहिला.

मी ओ दिली.