चोर बटण

बाबा,

तुमची गाडी परवा चालू झाली. हे ज्याला सांगावं असं आता कुणी उरलेलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता देऊन टाक थ्या भंगारवाल्याले," आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. भावाला पुण्याला फोन केला, तर तो "अजून आहे का ती?" म्हणून हसला. तुम्ही गेल्यापासून गाडी हिंगणघाटच्या घरामागे टिनाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. आई आता माझ्याकडे वर्ध्याला असते, घर भाड्यानं द्यायचं ठरलं आणि भाडेकरूंना तिथे त्यांची गाडी लावायची आहे. भंगारवाला म्हणाला, दोर बांधून ओढून नेतो. ते काही माझ्या मनाला येईना. एकदा तरी मला ती स्वतः चालवत फाटकाबाहेर काढायची होती. आणि त्याच्या आतलं कारण सांगायचं तर, तुम्ही माझ्यापासून लपवून बसवलेलं ते बटण मला शोधून काढायचं होतं.

तुम्ही विज्ञानाचे सर, आणि गाडी घेतलीत ती अशी की तिच्यात बॅटरी सोडून सगळ्याला गंज चढलेला. शाळेच्या मैदानात दहावीची पोरं मागून ढकलतायत आणि तुम्ही स्टिअरिंगवर बसून ओरडताय, हा देखावा गावानं इतक्यांदा पाहिला होता की त्यावर कुणी हसायचंही बंद झालं. मला मात्र त्या गाडीनं लळा लावला. मी कॉलेजात, तुम्ही बॉनेट उघडून उभे, हातात तो तुम्ही बनवलेला टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला आईच्या शिवणाच्या डब्यातली जाड सुई. मी म्हणते, "बॅटरी गेली असेल." तुम्ही एकदम चिडता. "असन-बिसन नको सांगू मले. बल्ब लावून सांग." मग मला भिंतीसमोर हेडलाइट लावायला सांगता आणि चाबी फिरवायला. उजेड मंद झाला तर करंट सेल्फकडे जातोय, म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणाऱ्या मोटरकडे. उजेड जराही हलला नाही तर मधेच कुठेतरी वायर तुटलीय. "जिथपर्यंत करंट हाय तिथपर्यंत जाय. जिथं नाई, तिथं थांब." इतका धीर तुम्ही मला दुसऱ्या कशातच दाखवला नाहीत, गणितात तर मुळीच नाही.

मग मी ते केलं. तुम्ही दुपारचे झोपलेले असताना चाबी घेतली आणि एकटीच जाम गावापर्यंत गेले. का, तर हायवेवर एकदा एकटीनं गाडी चालवून पाहायची होती, दुसरं काही नाही. चौरस्त्यावर चहा प्यायले, परत आले, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण तुमच्या विद्यार्थ्यांपासून या तालुक्यात कोण सुटलंय? कुणीतरी तुम्हाला सांगितलंच. तुम्ही रागावला असता तर मी रडले असते, रुसले असते आणि संपलं असतं. तुम्ही एक शब्द काढला नाहीत. पुढच्या आठवड्यात मी गाडी नुसती पुसून, चालू करून ठेवावी म्हणून बसले, तर चाबी फिरवली की मीटरचे दिवे लागत होते पण सेल्फ मारत नव्हता. टकसुद्धा नाही. मी शहाण्यासारखी हेडलाइट लावून बघतेय, बॉनेट उघडतेय, आणि मागच्या दारातून आई म्हणते, "काऊन जीव काढून राह्यली वं? तुया बाबानं चोर बटन बसोलं त्यात. कुठं बसोलं थे मलेबी नाई सांगितलं."

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून सेल्फच्या वायरमध्ये असं छुपं बटण लोक बसवून घेतात, हे मला माहीत होतं. आपल्या घरात चोर कोण, हे त्या दिवशी कळलं. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होता. तुम्ही मान वर केली नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर मी त्या गाडीला हात लावला नाही. लग्न झालं, बँकेतली नोकरी वर्ध्याला लागली, माझी स्वतःची गाडी आली, तरी नाही. हट्ट तुमच्याकडूनच आला होता, तो मी इमानानं जपला.

एक रविवार मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मोतीबिंदूनंतर तुम्ही गाडी चालवणं सोडलं होतं. माझी गाडी तेव्हा गॅरेजला, म्हणून मी एसटीनं आले होते, आणि तुम्हाला डोळे दाखवायला न्यायचं होतं. मी चहा पीत होते. तुम्ही गाडीची चाबी आणून माझ्या कपाजवळ ठेवलीत. "गाडी काढतं का?" इतकंच म्हणालात. मी चाबीकडे पाहिलंही नाही. म्हटलं, "नको, बसनं जाऊ." तुम्ही म्हणालात, "बरं. तुई मर्जी." मग चाबी उचलून परत खिळ्याला अडकवलीत. बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होता, आणि नीट दिसत नसतानाही सारखे बाहेर बघत होता. मला वाटलं होतं, आता विचारतात होय! मला त्याचं समाधानसुद्धा वाटलं होतं, बाबा. त्याची आज लाज वाटते.

परवा बॅटरीसाठी बसस्टँडसमोरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तुमचाच विद्यार्थी, आता केस पांढरे झालेत. त्यानं जुनं पेट्रोल काढून नवं टाकलं, बॅटरी जोडली. हॉर्न वाजला, दिवे लख्ख लागले, चाबी फिरवली तर उजेड हललाच नाही. म्हणजे वायर मधेच कुठेतरी तुटलेली. तो हात घालणार तोच मी म्हटलं, भाऊ, तुम्ही पुढून बघा, आतलं मी बघते. स्टिअरिंगखाली बल्ब लावला, लागला. तिथून एक काळी वायर कंपनीच्या वायरींपासून वेगळी निघाली होती. तिच्यामागे सरकत गेले ती ड्रायव्हरच्या सीटखाली पोहोचले. पायपुसण्याच्या खाली, पत्र्याला स्क्रूनं बसवलेलं, घरातल्या दिव्याचं साधं बटण. इतक्या वर्षांनी सापडलं म्हणून मी ते दाबलं. काही झालं नाही. वाकून पाहिलं तर बटणाला वायर नव्हतीच. दोन्ही वायरी बटणावरून सोडवून एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, वर टेप नीट गुंडाळलेली. बल्ब लावला तर त्यापुढेही करंट होता. बटण निकामी करून ठेवलेलं होतं. चाबी असली की गाडी कुणालाही चालू करता आली असती. मलाही.

"ताई, इकडं उंदरानं वायर खाल्ली, लावून देतो," तो बॉनेटमधून म्हणाला. मग खिडकीशी आला, माझ्या हातातल्या वायरी पाहिल्या आणि म्हणाला, "हो, हे मायाच हातचं काम होय. सर आलते ना मायाकडं. थ्या बटनाचं असं झालतं का..."

मी म्हटलं, "थांबा, चहा ठेवते," आणि घरात निघून गेले. आत शेगडी नव्हती, सिलिंडर नव्हतं, एक कप नव्हता. सगळं आधीच वर्ध्याला नेलेलं. रिकाम्या ओट्यापाशी मी उभी होते तेव्हा मागून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मग बाहेर आले, त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलले आणि गाडी फाटकाबाहेर काढून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. क्लच पार बसलाय. काल भंगारवाला ती चालवतच घेऊन गेला.

तो इलेक्ट्रिशियन सकाळपासून दुकानात असतो. विचारलं तर एका मिनिटात सांगेल. बटण जळलं म्हणून तुम्ही वायर सरळ करून घेतली, की मी कधीतरी चाबी घेईन म्हणून. त्या रविवारच्या आधी, की नंतर. घर दाखवायला मी आज पुन्हा हिंगणघाटला गेले होते, परतीच्या बसची वाट बघत अर्धा तास त्याच्या दुकानासमोर उभी होते. त्यानं मला पाहून हातही केला. मी रस्ता ओलांडला नाही. गाडीतलं बाकी सगळं तपासलं, बाबा. हे एवढंच मुद्दाम तपासलं नाही.